समूहस्वर आणि उतारवय

(मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांपुढे केलेले भाषण)



कमानिया गेटपासून येथवर चालत येताना आज आम्हांला दोनदा थांबावे लागले. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची ती आठवण अजून ताठ उभी आहे. धाप लागते ती आम्हांला! म्हणूनच श्वासाचा विषय काढतो.

गुरुवारच्या भजनाला आता दहाबारा वृद्ध आवाजच उरले आहेत, तेही बेसूर. तेव्हा ते बंद करून महिन्यातून एकदा बाहेरचे गायक बोलवावेत, अशी सूचना मंडळापुढे आली आहे. हेतू चांगलाच आहे. परंतु ऐकणे आणि गाणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

अमेरिकेतील मनोवैद्य जीन कोहेन यांनी वॉशिंग्टन परिसरातील ऐंशीच्या घरातल्या मंडळींचा एक गायनवृंद अभ्यासला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, गाणाऱ्यांच्या डॉक्टरांकडील खेपा, औषधे आणि पडण्याचे प्रसंग इतरांहून कमी आढळले. अर्थात, ती मंडळी आपल्या हौसेने आलेली होती. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत बारा केंद्रांवर, साठीपुढच्या ३९० जणांना घेऊन अधिक काटेकोर प्रयोग झाला. त्यात एकटेपणा कमी झाला, जगण्यातला रस वाढला. स्मरणशक्तीत किंवा शरीरबळात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो. भजन हे विस्मृतीवरचे औषध आहे, असे कोणी म्हणू लागल्यास विश्वास ठेवू नये.

पण एकटेपणा उणावला, हे काय थोडे झाले? मुले पुण्याला, बंगळूरला, कोणी सातासमुद्रापार. दिवसचे दिवस घरात मराठी बोलायला माणूस नसते. आमच्यातील एका आजींना शेजारणीचे नाव आठवत नाही. आरतीचे पहिले अक्षर कानी पडले, की कडव्यामागून कडवे बिनचूक येते. त्यांना श्रोत्यांत बसविले, तर त्या गप्पच बसतील.

राहिला बेसूरपणा. वयोमानाने स्त्रियांचा आवाज खाली उतरतो, पुरुषांचा बारीक होऊन काहीसा वर चढतो. आमचे पेटीवाले मात्र चाळीस वर्षांपूर्वीची काळी चार सोडायला तयार नाहीत! (ते समोरच बसले आहेत, म्हणून हे धाडस.) पट्टी उतरवली, तर निम्मा बेसूरपणा तेथेच जाईल. ओळ लांब असेल, तर काहींनी आधी श्वास घ्यावा, काहींनी मागून. स्वर तुटत नाही. दिंडीत एकाने चरण म्हणायचा आणि बाकीच्यांनी उचलायचा, त्यातही ही विश्रांतीची सोय आहेच. एकट्या गवयाला ती मिळत नाही.

येत्या गुरुवारी काळी एकमध्ये म्हणून पाहू. गुडघ्यांनी जिना चढवत नाही अशांसाठी बैठक खालच्या खोलीत घ्यावी. आणि तीन महिने तरी त्या सूचनेवरचे मतदान तहकूब ठेवावे, अशी आमची सभेला विनंती आहे.