थंडीतले खत



संस्थेच्या बागेला संक्रांतीपर्यंत दोन टोपल्या खत देऊ, असे आम्ही विद्यार्थ्यांदेखत कबूल केले होते. इंदुरात राहून खताची काळजी ती कसली! अल्बर्ट हॉवर्डसाहेबांनी १९२४ ते १९३१ या काळात आपली ‘इंदूर पद्धत’ येथेच तर बसविली.

डिसेंबरात गारठा वाढला, तसा आम्ही खताचा माठ अंगणातून माजघरात आणला आणि ऊब टिकावी म्हणून तोंड घट्ट बांधले. चौथ्या दिवशी अम्मींनी विचारले, “बेटा, घरात काय मेलं आहे?” पुढे चिलटे झाली, मग माठ पाझरून खालची सतरंजी गेली.

चूक आमचीच. हॉवर्डसाहेबांचा ढीग मोठा. त्यात शेण, काडीकचरा आणि खेळती हवा, म्हणून तो आतून तापे. आमच्या माठात नुसती ओली साले!

शेवटी माठाला भोके पाडली, वाळलेला पाला व लाकडाचा भुसा मिसळला, अधूनमधून वरखाली केले. वास गेला, पण संक्रांत हुकली. वर्गात उभे राहून तसे सांगावे लागले. एक मुलगी म्हणाली, “सर, आम्हांला उशीर झाला की तुम्ही वहीत शेरा मारता, तुमच्या वहीत कोण मारणार?” तिच्याच हातात लेखणी दिली.

खत फाल्गुनात उतरले. एकच टोपली.