एक प्रवास, दोन विमे

आपल्या सोलापूर जिल्ह्याला प्रवास नवा नाही. आषाढी-कार्तिकीला सारा महाराष्ट्र पंढरपुरी लोटतो. आपली माणसे सिद्धेश्वर एक्सप्रेसने रातोरात मुंबई गाठतात, एस.टी.ने अक्कलकोट-तुळजापूर करतात. निघताना भाकरी बांधून घेतो, पाण्याची सोय पाहतो, पण विम्याचे कुणी विचारले तर म्हणतो, "एक काढलाय की! दुसरा कशाला? आणि दोन असले तर पैसे दोन्हीकडून मिळतात होय?" आज या प्रश्नाचा विचार करू या. उत्तर 'होय' असेही आहे आणि 'नाही' असेही आहे.

समजा, तुमच्या कडब्याच्या गंजीचा, दहा हजारांच्या मालाचा, दोन ठिकाणी विमा आहे. गंजी जळाली. दोन्हीकडून दहा-दहा हजार मिळाले, तर आग लागणे हाच फायद्याचा धंदा होईल! म्हणून नियम असा, की जिथे नुकसान मोजता येते तिथे भरपाई नुकसानीएवढीच. दवाखान्याचा खर्च याच जातीचा. बिल 60 हजारांचे आणि तुमचे 50-50 हजारांचे दोन विमे असतील, तर पहिल्याकडून 50 आणि दुसऱ्याकडून उरलेले 10, असे 60 हजारच मिळतील, लाख नाही. पण दुसरा विमा वाया गेला असे समजू नका. तो नसता तर ते 10 हजार घरातून गेले असते. आधी कोणत्या कंपनीकडे जायचे हे तुम्ही ठरवायचे. विमा नियामक प्राधिकरणाच्या 2024 च्या नियमाप्रमाणे, आरोग्य विम्यात पहिल्या कंपनीनेच उरलेल्या रकमेसाठी दुसरीशी समन्वय साधायचा आहे.

माणसाच्या जिवाचे मात्र मोल करता येत नाही. म्हणून अपघाती मृत्यूच्या विम्यात रक्कम आधीच ठरलेली असते, आणि असे विमे वेगवेगळे असतील तर प्रत्येकाची रक्कम वेगळी मिळते. उदाहरण आगगाडीचेच घ्या. आय.आर.सी.टी.सी.वरून ई-तिकीट काढताना विम्याच्या चौकटीत खूण केली, की सध्या माणशी 45 पैशांत विमा होतो. गाडीला अपघात होऊन मृत्यू आला तर 10 लाख रुपये, आणि जखमी झाल्यास दवाखान्यासाठी 2 लाखांपर्यंत. खिडकीवरच्या तिकिटाला ही सोय नाही. शिवाय 1989 च्या रेल्वे कायद्याप्रमाणे रेल्वेकडून मृत्यूबद्दल 8 लाखांची भरपाई आहे. ती खिडकीवरच्या तिकिटालाही आहे. तिचा दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे वर्षाच्या आत करायचा. विम्याचे पैसे मिळाले म्हणून ही भरपाई बुडत नाही. त्याच कायद्याच्या 128 व्या कलमात तसे स्पष्ट म्हटले आहे. बँकेतून वर्षाला 20 रुपये कापून जाणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना असेल, तर तिचे 2 लाख निराळे. आयुर्विम्याची पॉलिसी असेल तर तीही निराळी.

पण इथे एक मेख आहे बरं का! सुरक्षा विमा योजना एका माणसाला एकाच खात्यातून घेता येते. कुणी तीन बँकांतून तीन वेळा 20 रुपये भरले, तरी मिळणार 2 लाखच. वरचे 40 रुपये पाण्यात. तेव्हा वेगवेगळ्या योजना असाव्यात; एकच योजना तिनदा घेऊन उपयोग नाही.

आता वारीकडे वळू. 2023 च्या आषाढीला राज्य शासनाने वारकऱ्यांसाठी 30 दिवसांचे विमा छत्र जाहीर केले होते. मृत्यू आल्यास 5 लाख, आणि आजारी पडल्यास औषधोपचारासाठी 35 हजारांपर्यंत, अशी त्यात तरतूद होती. अशा योजना त्या त्या वर्षापुरत्या असतात. म्हणून निघण्यापूर्वी यंदा काय आहे, हे ग्रामपंचायतीत विचारून घ्यावे. एस.टी.च्या तिकिटातही 2016 पासून अपघात सहायता निधीचा एक रुपया असतो, आणि त्यातून मृत्यूबद्दल 10 लाखांपर्यंत साहाय्य आहे. म्हणून तिकीट फेकू नका. एक गोष्ट मात्र ध्यानी धरा: वाटेत हृदयविकाराने मृत्यू आला तर तो अपघात नव्हे. अपघाताच्या विम्यातून त्याचे पैसे मिळत नाहीत. तिथे आयुर्विमाच कामी येतो.

मंडळी, खरी अडचण विमे दोन असल्याची नसते. ते असल्याचे घरात कुणाला ठाऊक नसल्याची असते. कर्ता माणूस जातो. त्याचा मोबाईल बंद पडतो. 45 पैशांचा विमा त्या मोबाईलमध्ये, 20 रुपयांचा पासबुकातल्या एका ओळीत आणि एस.टी.चे तिकीट सदऱ्याच्या खिशात. बायको-मुले रडत बसतात, आणि त्यांच्या हक्काचे पैसे मागायलाच कुणी जात नाही. ई-तिकिटाच्या विम्यात तर कंपनीकडून संदेश येतो, त्यात वारसाचे नाव भरायचे असते. आपण ते भरतच नाही. मग वारस ठरविण्यासाठी मागाहून कचेरीचे हेलपाटे.

म्हणून निघण्याआधी एवढे करा. वहीच्या एका पानावर सारे विमे लिहा: कंपनी किंवा बँक, क्रमांक, रक्कम, वारस. ते पान घरात वडील माणसाजवळ किंवा घरधनिणीजवळ द्या. नवा विमा काढताना जुना आहे का असे विचारले, तर खरे सांगा. अपघात झालाच तर पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती जितके विमे तितक्या घ्या. दवाखान्याचे मूळ बिल पहिल्या कंपनीकडे जाईल. त्याआधी त्याची साक्षांकित नक्कल ठेवा.

आणि गुरुजी, आपल्याला एक विनंती. सहावी-सातवीच्या मुलांना एक दिवस गृहपाठ द्या: घरातल्या सगळ्या विम्यांची यादी करून आणा. मुले पासबुक उघडतील, आईला विचारतील, बापाला विचारतील. अर्जलेखनाचा धडा होईल, बेरीज-वजाबाकी होईल. आणि ज्या घरात कुणाला काहीच माहीत नव्हते, त्या घरात एक पान तयार होईल. त्या पानाची गरज कधी पडू नये, हीच इच्छा. पण पडलीच, तर त्याच्यावाचून घर उघडे पडू नये.