घर पाहावे दोनदा

बैलबाजारात बैल घ्यायला आलेला शेतकरी तुम्ही पाहिला असेल. तो आधी जरा लांबच उभा राहतो. मग जवळ जाऊन बैलाचे तोंड उघडतो, दात पाहतो. चारदाती आहे, सहादाती आहे, की जुळलेला आहे याची खात्री करतो. खूर दाबतो, खांद्यावरून हात फिरवतो, दहा पावले चालवून दाखव म्हणतो. मन भरले नाही तर काही न बोलता निघून जातो आणि पुढच्या बाजाराला पुन्हा येतो. हाच शेतकरी, किंवा त्याचा नोकरीला लागलेला मुलगा, जन्माची पुंजी घालून घर घ्यायला निघतो तेव्हा मात्र अर्ध्या तासात बाहेर येतो. चार खोल्या मोजल्या, नळाची तोटी फिरवली, भिंतीचा रंग बरा वाटला, की लगेच, “शेवटचे काय ते बोला!”

घर बांधणे किती अवघड ते सांगणारी म्हण आपल्याकडे आहे. तयार घर विकत घेणे किती अवघड, याबद्दल शहाणी माणसेही फारसे बोललेली नाहीत. पूर्वी घर वाडवडिलांचे असायचे किंवा नव्याने बांधायचे. विकत घेण्याचा प्रसंग थोड्यांवर यायचा. आता तसे राहिलेले नाही. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या पेठचेच पाहा. तालुक्याचे ठिकाण, नाशिकहून सुमारे ५५ किलोमीटर, सावळघाट उतरून गुजरातकडे जाणाऱ्या महामार्गावरचे. २०१५ साली येथे नगरपंचायत झाली. बदलून आलेला शिक्षक, कचेरीतला कारकून, पाड्यावरून मुलांच्या शिक्षणासाठी खाली आलेले कुटुंब, अशी मंडळी येथे घर शोधतात. ही पैसेवाली मंडळी नव्हेत. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम, बायकोच्या अंगावरचे सोने आणि बँकेचे कर्ज, एवढ्यावर त्यांचे घर उभे असते. ते चुकले तर दुसरे घेण्याची ताकद नसते. म्हणून या अर्ध्या तासात माणूस काय पाहतो आणि काय पाहत नाही, हा विषय मला बोलण्यासारखा वाटतो.

आधी काय पाहतो ते सांगतो. पाहतो ते दर्शनी भाग. दार, ओटा, फरशी, रंग. विकणाऱ्यालाही हे ठाऊक असते. विलायतेत म्हणे घर दाखवण्याच्या दिवशी चुलीवर ताजा पाव भाजायला ठेवतात, त्या वासाने गिऱ्हाईक खूश होते. आपल्याकडे अंगणात सडा-रांगोळी असते, उदबत्ती लावलेली असते आणि भिंतींना नुकताच रंगाचा हात दिलेला असतो. यात लबाडीच असते असे मी म्हणत नाही. लेकीला दाखवायचे तेव्हा आपणही तिला बरे लुगडे नेसवतो. पण चारपैकी एकाच भिंतीला ताजा रंग असेल, किंवा कपाट नेमके एकाच कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभे असेल, तर तेथे क्षणभर थांबावे. भीड न धरता, “हे जरा पुढे ओढता का?” असे विचारावे.

दुसरी गोष्ट दिशेची. दार पूर्वेला आहे का, देवघर ईशान्येला आहे का, हे हल्ली प्रत्येकजण विचारतो. ज्याची त्याची श्रद्धा. माझे त्याबद्दल काही म्हणणे नाही. परंतु पेठसारख्या ठिकाणी खरी विचारायची दिशा म्हणजे नैर्ऋत्य. आपला पाऊस तिकडून येतो. नाशिक शहराच्या दुपटीहून अधिक पाऊस पेठला पडतो आणि तो नुसता वरून पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. त्याला झड म्हणतात. घराची पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत आषाढ-श्रावणात दिवसचे दिवस ही झड खाते. जुन्या माणसांना हे पक्के कळत असे. म्हणून त्या बाजूला वळचण खाली ओढलेली, भिंत कुडाची असली तर बाहेरून ताटी बांधलेली, आणि शक्य तेथे पडवी काढून मुख्य भिंत आत घेतलेली असे. आज सिमेंटची भिंत सरळ उभी राहते, वर छप्पर वीतभरही पुढे नसते.

माझ्या ओळखीच्या एका शिक्षकांनी असेच एक घर जानेवारीत पाहिले आणि होळीच्या आत घेतले. स्लॅबचे घर, आकाशी रंग. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पश्चिमेच्या खोलीतली भिंत आतून ओली झाली. पुस्तकांच्या कपाटाला बुरशी, गाद्यांना वास, आणि लहान मुलीचा खोकला दिवाळीपर्यंत गेला नाही. चार खोल्यांचे घर पावसाळ्यात दोन खोल्यांचे झाले, हप्ता मात्र चार खोल्यांचाच राहिला. जानेवारीतले घर आणि जुलैतले घर, पत्ता एकच असला तरी, दोन वेगळी घरे असतात.

मग उन्हाळ्या-हिवाळ्यात घर पाहणाऱ्याने काय करावे? पावसाळा जाताना आपल्या खुणा मागे ठेवून जातो. त्या वाचता आल्या पाहिजेत. भिंतीच्या पायथ्याशी पांढरा लोणा धरलेला असतो. बोटाने खरवडला तर पिठासारखा गळतो. रंगाला फोड येतात. ओल कोठवर चढली होती त्याची पुसट रेघ राहते. कौलारू घर असेल तर दिवा लावू देऊ नका. भरदुपारी दार-खिडक्या लावून घ्या, काळोखात उभे राहा आणि वर पाहा. जेथे जेथे उजेडाचा ठिपका दिसेल तेथे तेथे आषाढात भांडे ठेवावे लागेल. बाहेर येऊन छपराकडे पाहा. काळ्या पडलेल्या जुन्या कौलांत चार-दोन नवी तांबडी कौले दिसली तर गळती तेथे होती हे समजा. दरवर्षी शाकारणी करणाऱ्या माणसाला घराचे जेवढे ठाऊक असते तेवढे मालकालाही नसते. तो गावातलाच असतो, त्याला गाठा. आढ्याखालच्या खांबावर बोटाच्या पेरांनी ठोकून पाहा. भरीव लाकूड खणखणीत बोलते, वाळवीने पोखरलेले भदभदते. खांबाच्या बुडाशी मातीची बारीक नळी वर गेलेली दिसली तर ठोकून पाहण्याचीही गरज नाही.

आणि स्लॅबचे घर असेल तर जिना चढून वर जा. स्लॅबवर पुन्हा पत्र्याची शेड उभारलेली दिसली तर मालक सांगेल, “वाळवणासाठी केली आहे.” असेलही. पण आमच्या भागातली पुष्कळ शेडे स्लॅब गळायला लागल्यावर उभी राहिली आहेत. पत्रा चांगला असेल तर घर वाईट ठरत नाही. मात्र किंमत स्लॅबची द्यायची की पत्र्याची, ते तुम्ही ठरवा.

जोत्याकडे तर कोणीच पाहत नाही. रस्त्यावर दर काही वर्षांनी खडी-डांबराचा नवा थर पडतो. रस्ता वर येतो, घर होते तेथेच राहते. तीस वर्षांपूर्वी तीन पायऱ्या चढून जावे लागे त्या घरात आज एक पायरी उतरून जावे लागते. पाहायला गेलेल्या माणसाला ही एक पायरी गमतीची वाटते. पावसाच्या पाण्याला ती सोयीची वाटते.

हे झाले जास्तीच्या पाण्याचे. आता नसलेल्या पाण्याविषयी. बाहेरच्या माणसाला पटत नाही, पण इतका पाऊस झेलणाऱ्या या तालुक्यात उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण होते. जमीन डोंगरउताराची, खाली काळा कातळ. पाणी मुरत नाही, दमणगंगेच्या आणि इतर ओढ्या-नद्यांच्या वाटेने पश्चिमेला समुद्राकडे निघून जाते. चैत्र-वैशाखात विहिरी तळ गाठतात आणि कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. घर पाहताना पुरुष नळाची तोटी फिरवतो. पाणी आले की त्याचे समाधान होते. बाई निराळे विचारते. नळ किती दिवसांआड येतो, किती वेळ राहतो, मे महिन्यात कोठून आणता, वाटेत चढ आहे का? पुरुष खोल्या मोजतो, बाई खेपा मोजते. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की घर पाहायला घरातल्या बाईला न्याच. ‘सगळे ठरल्यावर तिला दाखवू’ असे करू नका. त्या घरात वर्षातले सर्वांत जास्त तास तिला काढायचे असतात.

कोणी म्हणेल, दोष लपवणे हा विकणाऱ्याचा गुन्हा नाही का? कायद्याने याचा विचार केलेला आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चा. त्याच्या ५५ व्या कलमात विकणाऱ्यावर असे कर्तव्य टाकले आहे की, मालमत्तेतला किंवा आपल्या हक्कातला मोठा दोष त्याने घेणाऱ्याला सांगितला पाहिजे. पण पुढची अट नीट ऐका. तो दोष विकणाऱ्याला माहीत असावा, घेणाऱ्याला माहीत नसावा आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही घेणाऱ्याला सापडण्याजोगा नसावा. म्हणजे जो लोणा तुम्हाला कपाट हलवून दिसला असता, त्याबद्दल पुढे तक्रार करायला गेलात तर पहिला प्रश्न तुम्हालाच येईल: “तुम्ही पाहिले का नाही?” घरमालकाशी गोड बोला, पण गळती, वाळवी, पाणी यांबद्दलचे प्रश्न स्पष्ट विचारा आणि जमल्यास उत्तरे लेखी घ्या.

यात प्रामाणिक विकणाऱ्याचेही हित आहे. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्याला अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. त्याचे म्हणणे साधे होते. चांगली गाडी कोणती आणि खराब कोणती हे घेणाऱ्याला ओळखता आले नाही तर तो दोहोंना मधलीच किंमत देऊ करतो. मग चांगल्या गाडीचा मालक ती विकायलाच आणत नाही, आणि बाजारात खराब गाड्या उरतात. घरांनाही हे लागू पडते. ज्याने वर्षानुवर्षे शाकारणी केली, लाकूड जपले, त्याला आणि नुसता रंग फासणाऱ्याला एकच भाव मिळाला, तर घर जपायचे कोणी?

डोळ्यांना दिसणारे एवढे झाले. कागद त्याहून महत्त्वाचे, आणि ते भिंतीवर टांगलेले नसतात. पुष्कळांना घरपट्टीची पावती आणि नमुना आठचा उतारा म्हणजेच मालकी वाटते. ती कर-आकारणीची नोंद आहे. कर कोणाकडून घ्यायचा एवढे ती सांगते. सातबारा किंवा मालमत्तापत्रक पाहा, त्यावर जितकी नावे असतील तितक्यांच्या सह्या लागतील हे ध्यानात ठेवा. मुंबईला असलेल्या भावाची किंवा दिलेल्या बहिणीची सही ‘नंतर घेऊ’ असे कोणी म्हणाले, तर पैसेही नंतर देऊ म्हणा. आणि नोटरीपुढे केलेल्या कागदावर समाधान मानू नका; घराचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते.

पेठला याशिवाय एक गोष्ट आहे, आणि ती नाशिकहून येणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते. हा तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. १९७४ च्या दुरुस्तीने तिच्यात ३६-अ हे कलम आले. त्यानुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकत घ्यायची झाल्यास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी आणि तीही राज्य शासनाच्या मान्यतेने लागते. हा कायदा काही उगाच झाला नाही. धान्याच्या चार पायल्यांपायी आणि अंगठ्याच्या एका ठशापायी सावकारांनी गिळलेल्या जमिनी त्यामागे आहेत. त्याच साली दुसरा कायदा करून, १ एप्रिल १९५७ पासून ६ जुलै १९७४ पर्यंत हातची गेलेली जमीन आदिवासींना परत देण्याची तरतूद करावी लागली. तेव्हा कोणी मध्यस्थ, “परवानगीचे मी बघतो, तुम्ही घर बघा,” असे म्हणाला, तर तेथूनच माघारी फिरा. त्या व्यवहारात तुमचा पैसा बुडण्याची भीती आहेच. शिवाय कोणाचे तरी राहते छप्पर त्यात जाते, आणि ते तुमच्या हातून जाते.

राहता राहिला प्रश्न वेळेचा. शिमग्यात घर आवडले तर पावसाळ्यापर्यंत कोण थांबणार, विकणारा थांबेल का, असे तुम्ही म्हणाल. विचारून तर पाहा. इसार द्या, रीतसर पावती घ्या, आणि खरेदीखताची तारीख श्रावणानंतरची ठेवा. ज्याचे घर धड आहे त्याला यात अडचण वाटण्याचे कारण नाही. तेही जमणार नसेल आणि घर रिकामे असेल तर आधी एक पावसाळा भाड्याने राहा. आणि वैशाखात एकदा पाणी पाहून आल्यावर आषाढात पुन्हा जा, न कळवता, चांगला पाऊस लागलेला असताना. मालक ओसरीवर बसवील. तुम्ही म्हणा, “आत पश्चिमेच्या खोलीत बसू या की.” चहा तेथेच घ्या आणि कप खाली ठेवताना पाठीमागच्या भिंतीला हळूच हात लावून पाहा.