घड्याळ पाळणारा हिमकंप



भूकंप कांहीं वेळापत्रक पाळीत नाहीं, अशी आपली समजूत आहे व ती बहुतांशीं खरीहि आहे. परंतु अंटार्क्टिका खंडांत एक जागा अशी आहे कीं, तेथें भूकंपासारखा धक्का बहुधा दिवसांतून दोन वेळां बसतो आणि त्याची वेळ समुद्राच्या भरती-ओहोटीशीं बांधलेली असते. त्या जागेचें नांव व्हिलन्स हिमप्रवाह.

हिमप्रवाह म्हणजे बर्फाची नदी. पण आपल्या हिमालयांतील हिमनद्यांवरून तिची कल्पना यावयाची नाहीं. मुखाकडे तिची रुंदी सुमारें १०० किलोमीटर, जाडी कित्येक शें मीटर आणि खालीं पाण्यानें भिजलेल्या चिखलाची गादी. वर्षाला तीन-चारशें मीटर सरकत ती रॉस समुद्राकडे येते आणि तेथें पाण्यावर तरंगणाऱ्या, जवळजवळ फ्रान्स देशाएवढ्या बर्फाच्या फळीला मिळते.

हें सरकणें संथ व अखंड असेल असें कोणासहि वाटेल. परंतु उपग्रहांच्या साहाय्यानें स्थान मोजणारीं यंत्रें बर्फावर बसविलीं, तेव्हां निराळाच प्रकार दिसला. बिंडशॅडलर व त्यांचे सहकारी यांनीं तो २००३ सालीं प्रसिद्ध केला. कित्येक तास प्रवाह जवळजवळ निश्चल असतो. मग अर्ध्या तासांत सुमारें अर्धा मीटर पुढें जातो आणि पुन्हां थांबतो.

पावसाळ्यांत फुगलेलें दार आपण खांद्यानें रेटीत असतों. तें हलत नाहीं, आणि मग एकाएकीं उघडतें व आपणहि त्याबरोबर बाहेर! येथें रेटणारा खांदा म्हणजे मागून येणारा बर्फ. तो थांबत नाहीं. पुढचा भाग तळाशीं कांहीं ठिकाणीं घट्ट धरलेला, म्हणून ताण सांठत जातो. आणि पलीकडून दार धरणारा कोण? समुद्र. भरतीचें पाणी तरंगत्या फळीला उचलतें व प्रवाहाला उलट रेटा देतें. ओहोटी लागली कीं तो रेटा ओसरतो. म्हणून एक घसरण पूर्ण भरतीनंतर थोड्याच वेळानें व दुसरी पूर्ण ओहोटीच्या किंचित् आधीं होते. मुंबईकरांनीं येथें एक लक्षांत ठेवावें : तेथें भरती दिवसांतून बहुधा एकदांच येते.

वीन्स प्रभृतींनीं २००८ सालीं दाखविलें कीं, या घसरणीच्या लहरी शेंकडों किलोमीटरांवरील भूकंपमापकांवर उमटतात. सरकलेलें क्षेत्र व अंतर यांवरून हिशेब केला तर धक्का ७ तीव्रतेच्या भूकंपाच्या तोडीचा ठरतो. मग तेथें उभ्या असलेल्या माणसाला काय वाटतें? कांहींच नाहीं! भूकंपांत जें काम कांहीं सेकंदांत उरकतें, तें येथें अर्धा तास चालतें. मला तर याचेंच नवल अधिक वाटतें.

परंतु ही केवळ मौजेची गोष्ट नव्हे. व्हिलन्सचा वेग कित्येक दशकें मंदावत आला आहे. शेजारचा कांब हिमप्रवाह सुमारें दीडशें वर्षांपूर्वीं थबकला, तो थबकलाच. अंटार्क्टिकाचा किती बर्फ समुद्रांत उतरणार व पाण्याची पातळी किती चढणार, हा हिशेब करावयाचा तर तळाचें घर्षण ठाऊक असावें लागतें. तेथें पोंचणें सोपें नाहीं. जानेवारी २०१३ मध्यें सुमारें ८०० मीटर बर्फ गरम पाण्यानें भेदून खालच्या सरोवरापर्यंत छिद्र पाडलें. पण तें एकाच जागीं. भरती मात्र साऱ्या प्रवाहाला रोज हात लावून पाहते. तिचा रेटा मोजतां येतो, वेळ ठाऊक असते. बर्फ केव्हां सुटला, किती सरकला हें यंत्रें टिपतात, आणि त्यावरून तळाची पकड काढतां येते. एखादे दिवशीं घसरण चुकतेहि. मग ताण अधिक सांठतो आणि पुढची घसरण मोठी होते.