गाडीत दोरी नको



आज पदवी घेऊन निघालेल्या मुलामुलींनो, मी ॲम्ब्युलन्सवर लागले तेव्हा महाराष्ट्रात 108 नंबरची ॲम्ब्युलन्स सेवा नव्हती. ती 2014 मध्ये आली. प्रशिक्षणात अपघात, हृदयविकार, बाळंतपण, सर्पदंश सगळं घोटून घ्यायचे. मनोरुग्णासाठी मात्र एकच सूचना होती: पोलिसांना कळवा. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

कोरेगावकडच्या एका गावातून फोन आला, 'पोरगं बिथरलंय, येताना दोरी आणा.' पोचलो तोवर त्याला बाजेला बांधलेलंच होतं. शिव्या देत होता, घामानं निथळत होता. देवऋषाला बोलवायचं घाटत होतं. मी बोटाला टोचून साखर पाहिली: 38. इन्सुलिन घेऊन पोरगं उपाशी राहिलं होतं. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि थोड्या वेळानं पोरगं आईला विचारू लागलं, 'मला बांधलंय कशाला?' म्हणून साखर, ऑक्सिजन, ताप, डोक्याचा मार, दारू सुटल्याची थरथर हे आधी बघायचं.

पण साखर बरोबर निघाली म्हणून दोरी बरोबर ठरत नाही. हे मला आमच्या पायलटनं, म्हणजे गाडीच्या ड्रायव्हरनं शिकवलं. एक बाई मोरीला आतून कडी लावून बसली होती. आपल्याला मारायला माणसं आलीत म्हणत होती. त्यानं गल्लीच्या तोंडाशीच सायरन बंद केला, बघे पांगवले आणि दाराबाहेर उकिडवा बसला. 'ताई, मला इथं कुणी दिसत नाही. पण तुम्हाला भीती वाटतेय, हे कळतंय मला.' वाद घातला नाही, खोटं हो ला हो केलं नाही. बऱ्याच वेळानं कडी निघाली. बाई आपल्या पायांनी गाडीत चढली. आमच्या कागदावर त्या दिवशी काय लागलं? उशीर. बोलण्यात गेलेल्या वेळेला तिथे रकानाच नव्हता! पुढे कॅज्युअल्टीत ऐकावं लागलं, 'मेंटल केस आमच्याकडे कशाला आणली?'

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं साखळदंडाला पूर्ण बंदी केली आहे. तातडीचा धोका टाळायला दुसरा उपायच नसेल तरच माणसाला आवरून धरायचं, तेही तेवढ्याच वेळापुरतं. पालथं पाडून पाठीवर कधीही बसू नका, श्वास कोंडून माणूस जातो. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता, असंच हा कायदा गृहीत धरतो. तेव्हा विष घेतलेल्या शेतकऱ्याला स्ट्रेचरवर 'असं का केलंस' म्हणून झापू नका. त्याच्या घरच्यांना टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लिहून द्या.

कुलगुरू महोदय, एक मागणी आपल्याकडे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथं प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. पुढच्या तुकडीची ड्युटी तिथे लावा, आणि ती पुरी केल्याशिवाय कुणालाही ही पदवी देऊ नका.