गटात न बसणारा शब्द ओळखा

(वस्तीतल्या अभ्यासिकेत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना सुटलेलं थोडं लिहिताना भरलं आहे.)



मी गोदीत माल उचलतो. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो म्हणून मला इथं उभं केलंय, पण आज कविता म्हणणार नाही. आज बोलायचंय ते 'हुशार' या एका शब्दाबद्दल. हा शब्द कोण कुणाला चिकटवतो, कधी चिकटवतो, आणि त्याआधी कुणाची पाटी पुसून ठेवतो, त्याबद्दल.

प्रत्येक शाळेत एक यादी असते. स्कॉलरशिपला बसणाऱ्यांची. माझ्या वेळी ही परीक्षा चौथीला आणि सातवीला होती, नंतर २०१६-१७ पासून ती पाचवी-आठवीला नेली. तेव्हा तीन पेपर असायचे : भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी. परीक्षा सरकारची, पेपर सगळ्या महाराष्ट्राला एकच, तपासणाऱ्याला पोराचं आडनाव दिसत नाही. मग यात जात कुठून आली, असं आपलीच शिकलेली माणसं विचारतात.

जात परीक्षेच्या आधी येते. आमच्या वर्गात त्रेपन्न पोरं. एका दुपारी बाईंनी आठ नावं वाचली. ही आठ उद्यापासून जादा तासाला. बाकीच्यांनी मागं बसून, आवाज न करता, शुद्धलेखन काढायचं. आठांत आमच्या गल्लीतलं एकही नाव नव्हतं. बाईंनी त्यासाठी कुठली चाचणी घेतली होती? कसलीही नाही. बाईंनी नुसतं बघितलं होतं. इस्त्रीचा शर्ट बघितला, डब्यात काय आहे ते बघितलं, प्रगतिपुस्तकावर सही येते का अंगठा ते बघितलं. आम्ही पाण्याला पानी म्हणायचो, तेही त्यांनी ऐकलं होतं. बाई दुष्ट नव्हत्या. पोराला ताप आला तर स्वतःच्या पैशानं गोळी आणायच्या. पण हुशार मूल कसं दिसतं याचं चित्र त्यांच्या डोक्यात आधीपासून होतं, आणि त्या चित्रात आम्ही नव्हतो.

पुढं रद्दीत मला त्या परीक्षेचं गाईड सापडलं. मालिका पूर्ण करा. आरशातली प्रतिमा ओळखा. सांकेतिक भाषा सोडवा. महिनाभर सराव केला तर साधारण कुणालाही हात बसेल, असा तो मामला. रोज पन्नास सोडवणारा आणि परीक्षेच्या हॉलात पहिल्यांदा बघणारा, दोघांना एकाच काट्यावर चढवायचं आणि म्हणायचं ही उपजत बुद्धी! त्यात एक प्रश्न होता, गटात न बसणारा शब्द ओळखा. मी गाईड हातात धरून हसलो. आमच्या बाईंनी तो आधीच सोडवला होता. गटात न बसणारे पंचेचाळीस.

आता जरा लांब जाऊ या. ज्यांच्या नावावरून १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली, त्या काळ्या माणसांच्या अमेरिकेत. तिथं हुशार पोरांना 'गिफ्टेड' म्हणतात आणि त्यांना वेगळा वर्ग, वेगळा अभ्यास देतात. ही बुद्धी मोजायची पट्टी मूळ फ्रान्सची. १९०५ साली आल्फ्रेड बिनेनं ती बनवली, ती शाळेत मागं पडणारी पोरं शोधून त्यांना मदत करता यावी म्हणून. बुद्धी कायमची ठरलेली असते, हे बिनेला मान्य नव्हतं. पट्टी अमेरिकेत गेली आणि लुईस टर्मन नावाच्या प्रोफेसरानं १९१६ साली तिला नवं रूप दिलं. मेक्सिकन आणि काळी पोरं वंशानंच मंद असतात, असंही त्यानं त्याच साली छापलं. मग १९२१ पासून कॅलिफोर्नियात दीड हजारांवर हुशार पोरं निवडली. निवडली कशी? बहुतेक ठिकाणी आधी मास्तरांना विचारलं, तुमच्या वर्गातली हुशार कोण. मग त्यांचीच चाचणी. म्हणजे आमच्या बाईच, फक्त स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पदरी.

त्या निवडीत विल्यम शॉक्ली नावाचं पोरगं बसलं नाही. लुईस अल्वारेझही राहिला. शॉक्लीला १९५६ साली नोबेल मिळालं, अल्वारेझला १९६८ साली. आणि च्यायला, पट्टीनं नापास केलेला हाच शॉक्ली पुढं काळ्यांची बुद्धी जन्मानंच कमी असते म्हणून सांगत फिरला!

पण मला सांगायचीय ती फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड परगण्याची गोष्ट. नीट ऐका, कारण ती आपली आहे.

तिथल्या शाळांत निम्म्याहून जास्त पोरं काळी आणि हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिको, क्युबा वगैरे तिकडून आलेल्यांची. पण २००५ साली तिसरीतल्या 'गिफ्टेड' पोरांत त्यांचा वाटा २८ टक्के. पद्धत अशी होती की आधी शिक्षकानं किंवा आईबापानं नाव सुचवायचं, मग चाचणी. पैसेवाले खाजगी मानसशास्त्रज्ञाकडूनही करून आणत. पास व्हायची रेषा १३०. गरीब घरच्या आणि इंग्रजी नव्यानं शिकणाऱ्या पोरांना ११६. म्हणजे सवलत आधीपासूनच होती. तरी पोरं यादीत नव्हती. कारण सवलत चाचणीला बसलेल्याला मिळते, आणि ह्यांची नावंच कुणी सुचवत नव्हतं. आपल्याकडं राखीव जागा रिकाम्या राहतात आणि वर 'लायक उमेदवार मिळाला नाही' असा शेरा मारतात, त्याची आठवण झाली की नाही?

२००५ साली परगण्यानं ठरवलं, दुसरीतल्या प्रत्येक पोराची आधी एक चाळणी घ्यायची. चाळणीही शब्दांची नाही, आकृत्यांची. जी पोरं तीत वर आली त्यांना पुढच्या चाचणीला पाठवलं. रेषा होती तिथंच ठेवली, एक बोटभरही खाली आणली नाही. आणि काय झालं? हिस्पॅनिक पोरांत शंभरात दोन गिफ्टेड होती, ती सहा झाली. काळ्यांत एकाची तीन. गोऱ्यांतही सहाची आठ. हा हिशेब डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी मांडलाय, माझ्या मनाचा नाही. ही पोरं काय रातोरात शहाणी झाली? ती तिथंच बसलेली होती, मागच्या बाकावर, शुद्धलेखन काढत.

मग २०१० साली पैसे नाहीत म्हणून सगळ्यांची चाळणी थांबवली. दरी पुन्हा पहिल्याइतकी. दोन वर्षांत कुणाचं रक्त बदलत नाही, दोस्तांनो.

आणखी एक. त्या हुशारांच्या वर्गात जागा उरल्या तर त्याच शाळेतल्या, रेषेखालच्या पण चांगले मार्क असलेल्या पोरांनी त्या भरत. अशा उरलेल्या जागांवर गेलेली काळी आणि हिस्पॅनिक पोरं गणितात आणि वाचनात भराभर वर गेली. दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की मार्क सारखे असले तरी काळं पोरगं गिफ्टेडमध्ये जायची शक्यता गोऱ्याच्या निम्मी. वर्गावर काळा शिक्षक असला की ही दरी जवळपास मिटते. वर्गावर कोण उभं आहे याला एवढं महत्त्व.

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकर गुरुजींनी त्यांना हेरलं, बुद्धचरित्र हातात ठेवलं, सयाजीरावांकडं शब्द टाकला. १९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला पोचले. केळुसकरांचं ऋण आहेच. पण मला त्या बागेत पुस्तक वाचत न बसलेल्या पोराचा विचार येतो, जो कुठल्याच केळुसकरांना दिसला नाही. माझ्या टोळीत एक गडी आहे, चौथीत शाळा सुटलेला. लोखंडाच्या कॉइली मोजून किती ट्रक लागतील हे तो टॅली क्लार्कचं पेन उघडायच्या आत सांगतो. त्याला कधी कुणी गाईड दाखवलं?

आपल्यातले काही म्हणतील, ही परीक्षाच फसवी, तिला लाथ मारा. मलाही पट्टी पटत नाही. पण दारात उभं राहून दाराला शिव्या देणं वेगळं आणि आपलं पोरगं आत घालणं वेगळं. अमरावतीला १९८५-८६ साली देशातल्या पहिल्या दोन नवोदय विद्यालयांपैकी एक निघालं. नवोदयच्या पंचाहत्तर टक्के जागा खेड्यांतल्या पोरांना. तिथंही फॉर्म भरलेलंच पोरगं पोचतं.

म्हणून आपण शाळेत जायचं. भांडायला नाही, आकडे मागायला. पटावर किती पोरं, फॉर्म किती भरले, जादा तासाला कोण कोण. तीनच प्रश्न, लिहून घ्यायचे. मास्तर म्हणतील, कच्ची पोरं बसवली तर शाळेचा निकाल पडतो. पडू दे, म्हणायचं. फीची सबब सांगितली तर वर्गणी काढू. सराव या अभ्यासिकेत, रोज संध्याकाळी सात ते नऊ. गणिताला दोघं हवेत, भाषेला एक. पानी म्हणणाऱ्या पोराला हसेल असा नको.

सोमवारी माझी रात्रपाळी आहे, सकाळ मोकळी. अकरा वाजता म्युनिसिपालिटीच्या शाळेच्या गेटावर. कोण कोण येतंय, आत्ताच नावं सांगा.