किल्ली कोणाकडे?

(परळी वैजनाथ येथे महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आत्ता माझी ओळख करून देताना 'थोर शास्त्रज्ञ' असा शब्द वापरला गेला. मी थोर वगैरे नाही. मी या गावात भौतिकशास्त्र शिकवलं आणि उरलेल्या वेळात पातळ थरांवर संशोधन केलं. 'उरलेल्या वेळात' हे शब्द लक्षात ठेवा. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

पातळ थर म्हणजे काय? पावसाळ्यात एसटी स्टँडवरच्या डबक्यात डिझेलचा थेंब पडतो आणि पाण्यावर सप्तरंग पसरतात. डिझेलला हे रंग नसतात. थराच्या वरच्या आणि खालच्या बाजूवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो, त्यात काही रंग उठून दिसतात आणि काही मावळतात. असेच थर काचेवर मुद्दाम चढवले की त्यातून सौर घट बनतात, प्रकाश ओळखणारी साधनं बनतात.

हे थर चढवायला महागडी निर्वात यंत्रं वापरतात. ती आमच्याकडे कुठली असणार! पण एक गरिबाची पद्धतही आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात तिच्यावर पुष्कळ काम झालं आहे. चंचुपात्रात कॅडमियमचा क्षार, अमोनिया आणि थायोयुरिया घ्यायचा, त्यात स्वच्छ धुतलेली काचेची पट्टी उभी करायची आणि पात्र सत्तर-ऐंशी अंश तापलेल्या पाण्यात ठेवायचं. थोड्या वेळात पट्टीवर हळदीसारखा पिवळा थर धरतो. त्याची जाडी केसाच्या हजाराव्या भागाइतकी असू शकते. हा थर अंधारात वीज अडवतो आणि प्रकाश पडला की तिला वाट देतो. मीटरचा काटा पहिल्यांदा हलला तेव्हा मी एकटीच हसले होते.

तुम्हाला वाटेल, हे तर स्वयंपाकघरासारखंच झालं. खरंच आहे. या शास्त्राची एक मुळी स्वयंपाकघरातच आहे.

जर्मनीत ब्राउनश्वाइग गावी अ‍ॅग्नेस पोकेल्स नावाची एक बाई होती. जन्म 1862 चा. तिला भौतिकशास्त्र शिकायचं होतं, पण तेव्हा तिथल्या विद्यापीठांची दारं मुलींना बंद होती. धाकटा भाऊ शिकायला गेला, ही घरी आजारी आईवडिलांची सेवा करत राहिली. भांडी घासताना पाण्यावर तेलाचा तवंग कसा वागतो, हे ती पाहत होती. तिनं पत्र्याचं एक पसरट पात्र केलं, त्यावर पत्र्याची पट्टी आडवी ठेवली आणि ती सरकवून तवंग दाबायचा. पाण्याचा ताण मोजायला तराजूला एक बटण टांगलं. 1891 साली तिनं लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाला पत्र लिहिलं. त्यानं ते 'नेचर' या नियतकालिकाकडे पाठवलं आणि ते तिच्याच नावानं छापून आलं.

तिच्या पात्राची सुधारलेली आवृत्ती पुढे अर्विंग लँगम्यूर यांनी वापरली. 1932 साली त्यांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी सत्तरीच्या अ‍ॅग्नेसला तिच्या गावच्या विद्यापीठानं सन्मानाची डॉक्टरेट दिली. लँगम्यूर यांच्या सहकारी कॅथरिन ब्लॉजेट यांनी 1938 साली काचेवर एकावर एक चव्वेचाळीस थर चढवून न चकाकणारी काच केली. आज चष्म्यावर, कॅमेऱ्याच्या भिंगावर असेच पातळ थर असतात.

ही गोष्ट सांगून 'बघा, बाई स्वयंपाकघरातूनही शास्त्रज्ञ होते' असं कौतुक मला करायचं नाही. अशा कौतुकाची मला भीती वाटते. अ‍ॅग्नेसला प्रयोगशाळा मिळाली असती तर तिनं काय केलं असतं, हा खरा प्रश्न आहे. आणि आपल्याकडे 1933 साली कमला भागवतांना, म्हणजे पुढच्या कमला सोहोनींना, बंगलोरच्या संस्थेत बाई म्हणून सी. व्ही. रामन यांनी आधी नाकारलंच होतं. त्या हटून बसल्या म्हणून वर्षभराच्या अटीवर आत गेल्या. प्रत्येकीनं हटून बसायचं, हा काही नियम असू शकत नाही.

आता माझं सांगते. परळीत 1971 पासून औष्णिक वीज केंद्र. राख आमच्या गच्चीवर पडायची, वीज मात्र भारनियमनात जायची. पाणी गार झालं की थर ठिगळासारखा धरायचा, सगळं पुन्हा पहिल्यापासून. पण विजेपेक्षा मला किल्लीनं जास्त छळलं. तास, पेपर तपासणं, घरचं सगळं उरकून संध्याकाळी प्रयोगशाळेत जावं, तर किल्ली मिळायची नाही. 'बाईमाणूस, सहानंतर कशाला?' हेच सहकारी स्वतः रात्री नऊपर्यंत बसत. काळजी माझी होती, म्हणून बंदीही मलाच होती.

मोजमापाची यंत्रं विद्यापीठात. तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. रात्रीच्या एसटीनं मी काचेच्या पट्ट्या रुमालात गुंडाळून न्यायची. मग दिवस गेले. कॅडमियम विषारी, गर्भाला धोका. मी स्वतःहून काम थांबवलं. दुसरा कुठला निर्धोक विषय घ्या, असं कोणी सुचवलं नाही. पुढे मुलाखतीत विचारलं गेलं, 'मध्ये खंड का पडला?' जणू मी झोपले होते! आणि माझ्या थरांवरचा पहिला निबंध छापून आला तेव्हा माझं नाव तिसरं होतं. मी गप्प बसले. ती चूक मी आज तुमच्यासमोर कबूल करते.

आता जरा कठीण बोलते. या गावात मुलींसाठी आधी कोणतं भौतिकशास्त्र पोहोचलं? सोनोग्राफीचं. त्या यंत्रात एक स्फटिकासारखा पदार्थ असतो, विजेनं तो कंप पावतो आणि परतलेल्या ध्वनीची पुन्हा वीज करतो. हा गुण 1880 साली पिअर आणि जाक क्यूरी या भावांनी शोधला. याच गुणाच्या क्वार्ट्‌झनं पुढे मेरी क्यूरींनी किरणोत्सार मोजला. एका बाईच्या हाती तो आला तेव्हा नवी मूलद्रव्यं सापडली. आमच्याकडे तो गर्भातली मुलगी हुडकायला वापरला गेला. महाराष्ट्रात याविरुद्ध 1988 पासून कायदा होता. तरी 2001 ला बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या, 2011 ला 807 उरल्या. 2012 साली बेकायदा गर्भपातात एका बाईचा जीव गेला आणि परळीचं नाव देशभर झालं. दोष त्या स्फटिकाचा नव्हता. यंत्राची किल्ली कोणाकडे होती, आणि कोणाच्या सांगण्यावरून ते चालत होतं, हे बघा.

म्हणून तुमच्याकडे माझी मागणी आहे. विज्ञानदिनाला मुलींकडून रांगोळ्या काढून घेऊ नका. गावच्या शाळेत जा, प्रयोगशाळेचं कपाट उघडायला लावा, धूळ किती आहे ते बघा. मुलींना स्वतःच्या हातानं प्रयोग करू देतात का, की मुलगे करतात आणि मुली वहीत उतरवतात, ते विचारा. संध्याकाळी प्रयोग संपल्यावर घरी जायला एसटी आहे का, वसतिगृहात जागा आहे का, तेही विचारा.

आणि संशोधन करणारी एखादी बाळंतीण भेटली तर तिला सांगा, की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी पीएच.डी. करणाऱ्या बाईला 240 दिवसांपर्यंत रजा आणि दोन वर्षं जास्तीची मुदत मिळू शकते. ही मेहेरबानी नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. आणि निबंधावर स्वतःचं नाव कुठे आहे, हे छापायच्या आधी बघा. मी बघितलं नव्हतं.